खर्चाची वही कोणाला अडवते?

निवडणुकीत पैसा किती वाहतो, याच्या गप्पा आपण टपरीवर भरपूर मारतो. पण उमेदवाराला त्याचा पै-पैचा हिशेब द्यावा लागतो, हे किती जणांना माहीत असतं? माझं म्हणणं असं, की हा नियम चांगला आहे, पण आज त्याच्यात लहान उमेदवार अडकतो आणि मोठा पैसा बाजूने निघून जातो.

धार जिल्ह्यातलं सरदारपुर घ्या. विधानसभेची ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. समजा, तिथून पंचवीस वर्षांची एखादी पदवीधर मुलगी अपक्ष उभी राहिली. अनामत ५,००० रुपये. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी बँकेत वेगळं खातं. मग खर्चाची वही: पांढरी पानं रोजच्या खर्चाला, गुलाबी रोखीला, पिवळी बँकेला. एका व्यक्तीला किंवा दुकानाला अख्ख्या निवडणुकीत १०,००० रुपयांहून जास्त रोख द्यायची नाही. प्रचार चालू असताना वही तीनदा तपासून घ्यायची. निकालानंतर ३० दिवसांत सगळा हिशेब धारला, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. आता हाटातला चहावाला पक्की पावती कुठून देणार? मोठ्या पक्षाचा उमेदवार सीए ठेवतो. हिने मतदारांकडे जायचं की पावत्या जुळवत बसायचं? हिशेब वेळेत किंवा नियमाप्रमाणे दिला नाही आणि योग्य कारणही देता आलं नाही, तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी.

दुसरी बाजू बघा. मध्य प्रदेशात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादाच नाही. आणि मोठ्या नेत्याच्या हिशेबावर वाद झाला, तर निकालाला वर्षं लागतात. भोकरच्या २००९च्या निवडणुकीत अशोक चव्हाण यांच्यावर पेड न्यूजचा खर्च न दाखवल्याचा आरोप झाला. हिशेब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०१४ उजाडलं. नंतर आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. दतियाचे नरोत्तम मिश्रा यांच्या २००८च्या निवडणुकीबद्दल आयोगाने २०१७ मध्ये त्यांना अपात्र ठरवलं, पण २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तोही आदेश रद्द केला. दोघांना दोषी ठरवायचा माझा हेतू नाही. पण आमदारकी पाच वर्षांची आणि वाद त्याहून लांब, याला काय म्हणायचं?

म्हणून हिशेबच नको, असं मुळीच नाही. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा हवी, तक्रारीच्या निकालाला मुदत हवी, आणि लहान उमेदवाराला तहसिलीतच हिशेबाची मदत मिळायला हवी.

आपल्यालाही एक गोष्ट करता येते. उमेदवाराने दिलेला हिशेब कोणीही पाहू शकतो. १९६१च्या नियमांत त्याची फी लिहिली आहे: एक रुपया. मंडळातल्या कॉमर्सवाल्यांनो, पुढच्या निवडणुकीनंतर तेवढा रुपया खर्च करू या. सभेला किती मांडव होते ते आपण पाहिलेलंच असेल. वहीत किती लिहिले आहेत, तेही बघू.