'मासळीच्या धंद्यात आहे काय?'



निजामपुऱ्यातली आपली मुलं हल्ली हेच विचारतात. मकरपुऱ्याच्या कारखान्यात जाणाऱ्यांना आमची आडकाठी नाही. पण 'आधी आवड शोधा, मग काम करा' असं जे मोबाईलवर सांगतात, ते काही आम्हाला पटत नाही.

दादासाहेब फाळके बघा. आपल्या वडोद्यातल्याच कलाभवनात शिकले. मग गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखान्याचा धंदाही केला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा वय ४३. आधीची वर्षं वाया गेली म्हणायची का? फोटोतलं शिकलेलं सगळं त्या सिनेमात कामाला आलं.

आपल्याकडेही तसंच. पावसाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची नि महिनोन्‌महिने थांबायचं. पाण्याचा रंग बघून खाद्य किती टाकायचं ते ठरवायचं. पहिल्या वर्षी हे कुणालाच आवडत नाही. नजर बसली की गोडी लागते.

मात्र नुसत्या गोडीने पोट भरत नाही, हेही खरं. दिवसभर जाळं ओढायचं आपण, आणि भाव नि वजन दोन्ही व्यापाऱ्याने सांगायचं, मग ते काम आपलं वाटणार कसं? म्हणून वजन तळ्याच्या काठावरच, सभासदासमोर व्हावं, आणि हिशेबाची वही घरातल्या पोरांनाही बघू द्यावी, असं आमचं मत आहे. येत्या सभेत हा विषय घेतोय. पोरांनाही घेऊन या. त्यांना काय म्हणायचंय ते ऐकू.