गाणं पोरांनीच बसवावं

उदगीरच्या बहुतेक शाळांत स्नेहसंमेलनाची तयारी म्हणजे नाचाची तयारी. पेनड्राइव्हमधलं गाणं साउंडवर लागतं, मुलं त्यावर नाचतात, पालक मोबाइल उंच धरतात. स्टेज मुलांनी भरलेलं असतं, पण वाजवणारं त्यात कुणीच नसतं.

वाजवणारे गावात नाहीत असं मात्र नाही. गणपती आणि लग्नसराईत रस्ता दणाणून सोडणारी बँजो पार्टी हा मराठवाड्याचा खरा रॉक बँड आहे. तिचा ‘बँजो’ म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज तैशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तो १९१२ मध्ये घडवला. जपानी वाद्याचा हा वंशज इथे हलगी-ताशाच्या आणि ऑक्टोपॅडच्या जोडीनं असा रुळला, की आता तो परका वाटतच नाही. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला आणि नायक होता लातूरचा रितेश देशमुख.

बँजो पार्टीतले बहुतेक वादक क्लासला गेलेले नसतात. गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं, सूर शोधायचे, चुकलं की शेजारच्याला विचारायचं आणि ठेका जमेपर्यंत सोडायचं नाही, हीच त्यांची तालीम. लंडनच्या संगीतशिक्षणतज्ज्ञ ल्युसी ग्रीन यांनी पॉप आणि रॉक वादकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना शिकण्याची हीच रीत दिसली. २००१ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. पुढे इंग्लंडमधल्या ‘म्युझिकल फ्यूचर्स’ या उपक्रमानं ती रीत थेट वर्गात नेली. मुलांनी आपापले मित्र घेऊन गट करायचे, गाणं स्वतः निवडायचं, ऐकून ऐकून बसवायचं. शिक्षकानं सुरुवातीला फक्त बघत राहायचं. हे शेवटचंच सगळ्यात अवघड, कारण पहिले काही तास नुसता गोंगाट असतो आणि गप्प बसवत नाही. तरीही बसावं. कोण ठेका धरणार, कोण गाणार, कुणाचं ऐकायचं, ही भांडणं मुलांनी आपसांत मिटवणं हेही शिक्षणच आहे.

बँजो पार्टीत एक उणीव मात्र ठळक आहे: मुली जवळजवळ नसतातच. अशीच उणीव भरून काढायला अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००१ मध्ये खास मुलींसाठी रॉक शिबिर सुरू झालं. आठ वर्षांपासूनच्या मुली आठवडाभरात बँड जमवतात, स्वतःचं गाणं रचतात आणि शेवटी लोकांसमोर वाजवतात. आधी वाद्य हातात धरलेलं असण्याची अट नाही. आज अशी शिबिरं अनेक देशांत भरतात.

महागड्या गिटारींसाठीही अडून बसायला नको. मुंबईत ‘धारावी रॉक्स’ या बँडच्या मुलांनी रंगाचे रिकामे डबे आणि प्लास्टिकचे पिंप बडवून कार्यक्रम केले आहेत. उदगीरच्या शाळेला तर हलगी, ढोलकी, लेझीम सहज मिळेल. बँजो वाजवणारा एखादा दादाही पोरांसोबत बसायला आनंदानं येईल. मानधन मात्र त्याला द्यायलाच हवं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यातले पाच तरी दिवस एक खोली मुला-मुलींच्या ताब्यात द्यावी. येत्या स्नेहसंमेलनात निदान एक गाणं पेनड्राइव्हवरून न लागता त्यांच्या हातून वाजावं, आणि ते कोणतं हे मुख्याध्यापकांनी ठरवू नये.