माळ्यावरचं सामान हवं आहे

यवतमाळकर रसिकहो,

दिवाळीनंतर आम्ही हौशी मंडळी महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' करतो आहोत. लेखक आपल्याच जिल्ह्यातल्या पारव्याचे. विजया मेहतांनी १९८५ साली ते रंगभूमीवर आणलं, पुढे चंद्रकांत कुलकर्णींनी त्याच्या पुढच्या भागांसह सलग त्रिनाट्यधाराही केली. नाटकातला धरणगावकर देशपांड्यांचा वाडा त्यांना मुंबईत उभा करायचा तर सामान शोधावं लागलं असेल. आपल्याकडे ते माळ्यावर धूळ खात पडलं आहे, तेच आम्हाला हवं आहे.

घरातले कर्ते तात्याजी गेलेत, तेराव्याच्या गावजेवणाला पैसा नाही आणि घराण्याचा बडेजाव सुटत नाही, अशा घरातलं सामान. आरामखुर्ची, कंदील, पितळी घंगाळ, पानाचा डबा, धुऊन विटलेली सुती लुगडी. नवंकोरं नको, पॉलिश करून तर मुळीच देऊ नका. प्रत्येक वस्तू वहीत नोंदवू आणि प्रयोगानंतर घरपोच करू. वहिनी रात्री अंगभर दागिने घालते त्या प्रसंगासाठी बेगडी दागिनेच द्या. खरं सोनं का नको, हे नाटक वाचलेल्यांना सांगायला नको. अंगणात गंजणाऱ्या ट्रॅक्टरसाठी एखादं जुनं चाक मिळालं तरी भागेल.

सामानापेक्षा मोठी अडचण बोलण्याची आहे. आमची पोरं शाळा-कॉलेजातलं मराठी बोलतात. वऱ्हाडातल्या जुन्या घरांतला हेल ज्यांच्या कानात आहे अशा वडीलधाऱ्यांनी तालमीला येऊन बसावं आणि चुकलं की तिथल्या तिथे टोकावं. राग मानणाऱ्याला आम्ही घरी पाठवू. दादीच्या, म्हणजे तात्याजींच्या आईच्या, भूमिकेसाठी सत्तरीच्या आसपासच्या बाई अजून मिळालेल्या नाहीत. संवाद थोडे आहेत, पण गेलेल्या मुलाला हाका मारत बसून राहणं सोपं नाही. आधी काम केलेलं असावं अशी अट नाही.

नाट्यगृहाचं भाडं, प्रकाशयोजना आणि लेखकाचं मानधन यांसाठी वर्गणीही लागेल, पावती मिळेल. रंगमंचावर कुणाचा फलक लागणार नाही, हे देणगीदारांनी आधीच समजून घ्यावं. फुकट पास कुणालाच नाहीत, आमच्या घरच्यांनाही नाहीत.

तालीम रोज संध्याकाळी सातनंतर असते. सामान तालमीच्या ठिकाणीच आणून द्या. ट्रॅक्टरच्या चाकाचा निरोप मात्र आधी पाठवा, उचलायला पाच-सहा जण येतील.

आपली नम्र,
हौशी नाट्यमंडळी