सुपारी बेंजोची

आमच्या वळसंगात लग्न ठरलं की तारीख, मांडव, आचारी यांच्या पाठोपाठ चौकशी होते, "बेंजोची सुपारी दिली का?" विचारणाऱ्याच्या मनात अख्खा ताफा असतो. ताशे, ड्रम, भोंगे, जनरेटर आणि ते सगळं वाहणारा टेम्पो. त्यातला खुद्द बेंजो कुठला, हे फार थोडे जण पाहतात.

हातभर लांबीची लाकडी पेटी. वर पोलादी तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताची बोटं बटणं दाबतात, उजव्या हातातली नखी तार छेडते. छेडलेला सूर लगेच विरतो, म्हणून लांबवायचा असेल तर नखी झपाझप फिरती ठेवावी लागते. शेजारी ताशा कडाडत असताना तासन् तास हे सांभाळायचं. याला मी पक्कं वादन म्हणतो.

इंग्रजीतला बँजो निराळाच. तो गोल, चामडं मढवलेला; पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांची ती देणगी. आपल्या बेंजोचं कूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912च्या सुमारास घडवलेला तो तैशोगोतो. भारतात त्याचा बुलबुल तरंग झाला, बलुचिस्तानात बेंजू. बलुच वादकांनी त्याला मैफलीत मानानं बसवलं. आपण टेम्पोवर चढवला आणि तिथंच ठेवला, याचं मला वाईट वाटतं.

आमचं वळसंग अक्कलकोट रस्त्यावरचं गाव. घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं इथं पुष्कळ. वरातीत कन्नड सिनेमातलं गाणं संपतं न संपतं तोच त्याच तारांवर भीमगीत सुरू होतं, मग खंडोबाचं. शब्द नसतातच, त्यामुळे कर्नाटकातून आलेले पाहुणेही पहिल्या सुरापासून नाचतात.

आता बऱ्याच ताफ्यांत पेटीच्या जागी कीबोर्ड आलाय. त्यात तारा जुळवाव्या लागत नाहीत, उन्हात सूर उतरत नाही. मालकांचं गणित मला समजतं. पण नखी पोलादावर घासल्याची ती खरखर कीबोर्डात नाही, आणि माझ्या लेखी बेंजोची सगळी गोडी तिच्यातच आहे.

यंदा सुपारी द्यायला जाल तेव्हा बेंजो वाजवणाऱ्या मास्तरांना विचारा, तारांचा बेंजो आहे का? असला तर तोच सांगा. आणि वरात निघण्याआधी मांडवात त्यांना खुर्ची द्या, ताशे जरा थांबवा, नुसत्या बेंजोवर दोन गाणी होऊ द्या.