हत्यार विकत मिळते, सैनिक नाही

शेंद्रा म्हटले की पूर्वी मांगीरबाबाची यात्रा आठवायची. आता जालना रस्त्यावरची औद्योगिक वसाहत आणि ‘ऑरिक’चे रुंद रस्ते आठवतात. पहाटे, पहिल्या पाळीच्या बसगाड्या यायच्या आधी, अशा रस्त्यांवर मुले पळताना दिसतात. त्यांच्या डोक्यात एकच आकडा असतो, सोळाशे मीटर. सैन्यभरतीची ही तयारी. एका बाजूला कारखान्याचे फाटक, दुसऱ्या बाजूला फौजेचे स्वप्न आणि मधून धावणारी शेतकऱ्या-कामगारांची पोरे. लष्कर बदलते आहे, अशी चर्चा आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या बदलाचा खरा अर्थ या पोरांच्या घरी कळणार आहे.

लष्कर बदलते म्हणजे नेमके काय होते? नवा रणगाडा आला, नवी तोफ आली, की आपल्याला वाटते, झाले. पण हत्यार हा बदलाचा सोपा भाग. ते चालवणारा माणूस आणि त्या माणसांचे एकमेकांशी असलेले नाते बदलणे, हे खरे अवघड काम.

याचा उत्तम दाखला शेंद्र्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, अहिल्यानगरला आहे. तेव्हाच्या अहमदनगरला 1979 मध्ये यांत्रिकी पायदळाची रेजिमेंट उभी राहिली. पायी चालणाऱ्या शिपायाला चिलखती वाहनात बसवायचे आणि रणगाड्यांच्या बरोबरीने लढवायचे, ही कल्पना. त्यासाठी मद्रास, शीख, गढवाल, गुरखा अशा जुन्या नामांकित रेजिमेंटांमधल्या पलटणी एकत्र आणल्या गेल्या. विचार करा, ज्या पलटणीच्या नावासाठी आजोबा-पणजोबांनी रक्त सांडले, ते नाव मागे ठेवून नवे घ्यायचे! घोषणा वेगळ्या, भाषा वेगळ्या, सणवार वेगळे. शिपायाला इंजिन, तोफ आणि वायरलेस शिकवणे त्यामानाने सोपे असेल. ‘आपली पलटण’ या शब्दाचा अर्थ मोठा करणे सोपे नव्हते. तरीही ते घडले, कारण त्याला वेळ दिला गेला.

या कामामागचे प्रमुख नाव जनरल सुंदरजी यांचे. ते महार रेजिमेंटचे अधिकारी, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा. ब्रिटिशांनी 1890 च्या दशकात ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत पुढे करून ज्या महार समाजाला फौजेची दारे बंद केली, त्याच समाजाच्या नावाची रेजिमेंट डॉ. आंबेडकरांसारख्यांच्या प्रयत्नांनी 1941 मध्ये पुन्हा उभी राहिली. पुढे तीत सर्व जातीधर्मांचे जवान आले आणि तिने देशाला दोन लष्करप्रमुख दिले, कृष्णराव आणि सुंदरजी. दार उघडले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधायला नको.

दारे आजही उघडत आहेत. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी राज्य सरकारने 1977 मध्ये आपल्याच शहरात प्रशिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू व्हायला 2023 उजाडले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी 2025 च्या मे महिन्यात बाहेर पडली. उशीर झाला, पण झाले. त्याच महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ने ड्रोनच्या युद्धाची झलक दाखवली. पुढे जुलैमध्ये पायदळाच्या प्रत्येक बटालियनला स्वतःची ड्रोन तुकडी मिळेल, असे लष्करप्रमुख जनरल द्विवेदी यांनी जाहीर केले. म्हणजे उद्याच्या शिपायाला बंदुकीइतकाच पडदा आणि नकाशा वाचता यायला हवा.

इथेच आपल्या धावणाऱ्या पोरांचा प्रश्न येतो. 2022 च्या जूनमध्ये ‘अग्निपथ’ योजना आली. चार वर्षांची नोकरी. त्यानंतर जास्तीत जास्त चौघांतला एक कायम, बाकीचे सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी. निवृत्तिवेतन नाही. फौज तरुण राहावी, सरासरी वय 32 वरून 26 वर यावे, हा सरकारचा हेतू. तो चुकीचा म्हणता येणार नाही. हिमशिखरावर तरणी छातीच लागते. पण यंत्रे जितकी गुंतागुंतीची होत जातात, तितका अनुभवी हात मोलाचा ठरतो. शिकण्यात वर्ष-दोन वर्षे गेली, हात बसला, आणि तोच निरोपाची वेळ! यात फौजेचेही नुकसान आहे. चौघांतल्या तिघांना परत पाठवायचेच असेल, तर किमान तांत्रिक शाखांत हे प्रमाण वाढवले पाहिजे.

आणि परत येणाऱ्या मुलांचे काय? पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण 2023 च्या प्रारंभी सुरू झाले. तिची चार वर्षे 2026 च्या अखेरीस, 2027 च्या प्रारंभी भरतात. गावात ‘मुलगा फौजेत आहे’ या वाक्याला एक वजन होते. सोयरीक जुळायची, सोसायटीचे कर्ज मिळायचे, बापाची मान वर व्हायची. आता लोक पुढचा प्रश्न विचारतात, ‘कायम आहे का?’ पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा सेवानिधीचे पैसे घेऊन घरी येईल. बहिणीचे लग्न, विहिरीचे काम यांत ते संपायला कितीसा वेळ लागणार?

उत्तर शेंद्र्यासारख्या ठिकाणीच आहे. वेळ पाळणारा, यंत्र हाताळणारा, हुकूम आणि जबाबदारी दोन्ही समजणारा माणूस कोणत्या कारखान्याला नको आहे? पण माजी सैनिक म्हटले की आपल्याला फाटकावरचा पहारेकरीच सुचतो. ही सवय मोडायला हवी. फौजेत शिकलेल्या कामाला आयटीआयच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळावे आणि ते घेऊन येणाऱ्याला वर्कशॉपमध्ये, देखभाल विभागात उभे करावे. उद्योजकांच्या संघटनांनी आणि सरकारने हे मुले परतण्याआधी ठरवावे, नंतर मोर्चे निघाल्यावर नव्हे.

लष्कर आपल्या परीने बदलते आहे. त्याने घडवलेल्या माणसाला सामावून घेण्याइतके आपण बदललो का, हे आपणच ठरवायचे आहे. पहाटे पळणाऱ्या त्या पोरांना फौजेचे फाटक आणि कारखान्याचे फाटक यांतले अंतर सोळाशे मीटरहून जास्त वाटू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.