मांजराच्या नख्या

मांजर पाळावें, परंतु त्याला नख्या नसाव्यात, अशी इच्छा धरणारे लोक जगांत आहेत, हें आमच्या बालवाचकांस खरें वाटणार नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे गृहस्थ पुष्कळ आहेत. खुर्च्या व पडदे ओरबाडले जाऊं नयेत म्हणून ते पशुवैद्याकडून मांजराच्या पुढल्या पायांच्या नख्या कायमच्या काढवून घेतात.

'नख्या काढणें' हे शब्दच मुळीं फसवे आहेत. मांजराची नखी बोटाच्या शेवटच्या हाडांतून उगवते. ती पुन्हां येऊं नये म्हणून तें हाडच सांध्यापासून तोडावें लागतें. पुढल्या दोन पायांचीं बोटें दहा, म्हणजे हाडेंहि दहा. माणसाचें प्रत्येक बोट शेवटच्या पेऱ्यापाशीं तोडावें, तसाच हा प्रकार. शिवाय मांजर चालतें तें बोटांवर. तीं आखूड झालीं कीं शरीराचा भार भलत्या जागीं पडतो. दुखऱ्या पंजांनीं वाळू उकरणें सोसत नाहीं, म्हणून तें शौचाच्या पेटीकडे फिरकेनासें होतें. आणि पंजाचें हत्यार गेल्यावर दांत वापरूं लागतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत २७४ मांजरें तपासलीं होतीं. निम्म्यांच्या नख्या काढलेल्या, निम्म्यांच्या शाबूत. पाठदुखी, भलत्या ठिकाणीं घाण करणें व चावणें हीं तिन्ही पहिल्या गटांत अधिक आढळलीं. आणि त्या गटांतील शेंकडा ६३ मांजरांच्या पंजांत तोडलेल्या हाडांचे तुकडे राहून गेलेले दिसले. खुर्ची वाचली, गालिचा गेला!

कित्येक म्हणतात कीं, नख्या काढल्या नाहींत तर धनी मांजरालाच घराबाहेर घालवील. पण घरभर घाण करणाऱ्या व चावणाऱ्या मांजराला तरी तो किती दिवस ठेवील? या युक्तिवादांत मांजराची दया कमी व खुर्चीची अधिक, असें मला वाटतें. इस्राएलनें २०११ सालीं, न्यूयॉर्क संस्थानानें २०१९ सालीं व मेरीलँडनें २०२२ सालीं, वैद्यकीय कारणावांचून ही शस्त्रक्रिया करण्यास कायद्यानें मनाई केली, तें योग्यच झालें.

मांजर ओरबाडतें तें खोडसाळपणानें नव्हे. त्यायोगें नखीवरचें जुनें कवच गळतें, अंग ताणलें जातें, आणि पंजाचा गंध मागें राहून जागा आपली ठरते. त्याला सुतळी गुंडाळलेला एक भक्कम खुंटा द्यावा. मागल्या पायांवर उभें राहून अंग ताणतां येईल इतका उंच असावा, व तो कोपऱ्यांत न दडवितां, तें ज्या खुर्चीला ओरबाडतें तिच्याशेजारींच ठेवावा. दोनतीन आठवड्यांनीं नखीचें केवळ टोक, आंतली गुलाबी शीर सांभाळून, छाटावें. हें काम वडील माणसांनीं करावें. मुलांनीं मांजराला मांडीवर धरून बसावें.