मातीचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जंगल, माती आणि सरपण यांवर लेखणी उचलावी, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला मामांकडे गेलो असता जे पाहिले, ते मला हिशेबाचेच प्रकरण वाटले. म्हणून हा प्रपंच.

मामा पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात हिशेबनीस आहेत. नावात पोलो असला तरी आज तिथे कारखाने, गोदामे आणि वीज वितरण कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. मामांच्या कारखान्यातील बॉयलरला पूर्वी दगडी कोळसा लागे, आता ‘पांढरा कोळसा’ लागतो. नावावरून फसू नये. सोयाबीनचे काड, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले यंत्रात दाबून केलेल्या या जाड कांड्या असतात. मामा मोठ्या अभिमानाने म्हणाले, “अरे, हा सगळा शेतातला कचरा! झाड तोडायला नको आणि खाणही खोदायला नको.”

मी खतावणी पाहिली. जळणाच्या खात्यात कांड्यांची किंमत होती, लॉरीचे भाडे होते, हमाली होती. ज्या शेतातून काड आले त्या शेताचे काय कमी झाले, याला मात्र रकाना नव्हता. यंत्र झिजते म्हणून आपण दरसाल घसारा काढतो. माती झिजत नाही काय?

गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर इंदुरातच, शहराच्या दुसऱ्या बाजूला, नव्वदाहून अधिक वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी तेव्हा ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ होती. १९२४ पासून १९३१ पर्यंत तेथे अल्बर्ट हॉवर्ड हे संचालक होते आणि त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. या दोघांनी मिळून १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांवर पुस्तक लिहिले. पालापाचोळा, काड, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. हॉवर्ड यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. वाडांचे नाव मराठी माणसालाही ठाऊक नसावे, याची मला खंत वाटते.

त्या पुस्तकाचा रोख सरळ आहे: शेतात टाकाऊ असे काही नसते. काड जाळले की नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो, राखेत काही क्षार तेवढे उरतात. कुजवले तर यातले बरेचसे मातीकडे परत जाते.

कोणी म्हणेल, जंगल तर वाचते ना? १९७५ साली एरिक एकहोम यांनी सरपणाच्या टंचाईला ‘दुसरे ऊर्जासंकट’ म्हटले, तेव्हापासून जंगलतोडीचा दोष मोळी विकणारणीच्या माथी मारण्याची सवयच लागली. पुढच्या अभ्यासांत दिसले की खेड्यातले बरेचसे सरपण बांधावरच्या, कुंपणाच्या वाळक्या काटक्यांचे असते आणि जंगल मुख्यतः शेती, धरणे, खाणी यांपायी जाते. उपग्रहाच्या नकाशांनी हे कळायला मदत केली, हे मान्य. पण त्यांचीही मर्यादा आहे. आपल्या वनसर्वेक्षणात एक हेक्टर वा अधिक जागेवर शेकडा १० पेक्षा जास्त झाडोरा असला की ते वनाच्छादन. मग ते राखीव जंगल असो की निलगिरीची लागवड. माळव्यात १९७० नंतर सोयाबीन पसरले, खरिपात पडीक राहणारी काळी राने पिकाखाली आली. हा बदल नकाशात दिसतो. त्याच रानातले काड दरसाल लॉरीत भरून गेले, तर नकाशावर रान जसेच्या तसे. खतावणीत नाही आणि नकाशातही नाही, असा हा तोटा आहे.

दुसरी बाजू चुलीची. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशातील सुमारे ५९ टक्के कुटुंबे गॅससारखे स्वच्छ इंधन वापरतात. उरलेल्यांची भिस्त लाकूड, गोवऱ्या आणि काडीकचऱ्यावर. ज्या पऱ्हाट्या भूमिहीन बाई काल फुकट वेचून आणी, त्यांना आज बॉयलरचा भाव आला तर शेतकरी तिला बांधावर उभी करील काय? कन्नडात सरपणाला ‘सौदे’ म्हणतात (आमच्याकडे ‘कट्टिगे’ अधिक चालते). कन्नड विभागातल्या मित्रांनी मला हसू नये, पण सरपणाचा असा मराठी सौदा झाला की गरिबाची चूल आधी विझते.

मी बॉयलर बंद करा म्हणत नाही. दगडी कोळशापेक्षा काड बरे, आणि बांधावर पेटवून देण्यापेक्षा तर पुष्कळच बरे. २०२१ पासून सरकारने औष्णिक वीजकेंद्रांतही कोळशाबरोबर अशा वड्या जाळण्याचे धोरण आखले आहे; म्हणजे मागणी वाढणारच. म्हणूनच आताच विचारायचे, की शेतातले किती काड उचलायचे आणि किती ठेवायचे? जो खरेदी करतो त्याने शेताला काय परत द्यायचे? हे ठरवणे केवळ वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोडू नये. खर्च लपतो कुठे, हे शोधणे आमच्या शाखेचे काम आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मामांना विचारले, बॉयलरच्या राखेचे काय करता? ते म्हणाले, ट्रॉली भरली की बाहेर नेऊन टाकतात. काड आणणाऱ्या लॉरीतूनच ती परत का पाठवत नाही? मामा क्षणभर थांबले. “लॉरी रिकामीच जाते खरी,” ते म्हणाले, “पण आजवर कोणी मागितली नाही.”